पहिल्या फेरीचा आकडा

खाली पंप चालू होता तोवरच वर बोलता येत होतं.

मोठ्या आत्याच्या टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घरात आल्यापासून ही नवी शिस्त लागली होती. कारखाना तळमजल्यावर, घर त्याच्या डोक्यावर. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मोठी आत्या टाकीवर लावून तपासायची आणि त्याची घरघर जिन्यातून सरळ स्वयंपाकघरात यायची. घरघर आहे म्हणजे आत्या खाली आहे. ती थांबली की सगळ्यांनी हवापाण्याच्या गोष्टींवर यायचं. काल हे कुटुंब हवापाण्यावर इतकं बोललं की आत्यानं जेवताना विचारलं, "तुम्ही सगळे शेती घ्यायला निघालात की काय?"

आज रविवार. कारखाना बंद, तरी आत्या खालीच. जायच्या आधी तिला हातातलं सगळं काम उरकायचं होतं. पुढच्या आठवड्यात ती डोंगरावरच्या मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. शाळेच्या बाकावर ठरलेला बेत होता तो. मग वडील, म्हणजे आप्पा, गेले, त्यांचा कारखाना तिच्या अंगावर पडला, धाकट्या भावाचं शिक्षण आलं, त्याचं लग्न आलं, त्याची मुलं आली. दर वेळी आत्या मैत्रिणीला "पुढच्या वर्षी" म्हणाली आणि मैत्रीण दर वेळी "बरं" म्हणाली. आता मैत्रिणीची वर रोपवाटिका होती, एक खोली रिकामी होती आणि तिची अट एकच होती: इथून दवाखाना लांब आहे, तेव्हा हृदय तपासून ये. आत्यानं अट निमूट पाळली आणि तिथंच सगळं अडलं.

"पुन्हा वाच," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे तोच धाकटा भाऊ. आता त्याचेही केस पिकले होते.

अण्णांच्या मुलीनं, धाकटीनं, रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची, त्यामुळे घरातली अर्धी डॉक्टर तीच. इंग्रजीतलं ती मराठी करून सांगू लागली. "हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत दाब वाढलेला दिसतो. पल्मनरी हायपरटेन्शनची शक्यता. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

"दाब वाढला म्हणजे पुढं लाइन तुंबलीय," अण्णा म्हणाले. "नाहीतर व्हॉल्व अर्धा बंद आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"बाबा, आत्या पंप नाहीये."

"मग हृदय म्हणजे काय असतं? मिक्सर?"

जिन्याच्या दाराशी कान देऊन बसलेल्या थोरल्यानं मान डोलावली. तो अण्णांचा मुलगा, कारखान्यातला त्यांचा उजवा हात, आणि हृदय म्हणजे पंप यावर त्याचं वडिलांशी एकमत होतं. कारखान्यातल्या इतर कुठल्याच गोष्टीवर ते होत नसे.

"आणि उंचीचं काय?" अण्णांना आता जोर चढला. "वर हवा विरळ. तिथं पंपाची ओढच कमी होते. इथं मजेत पाणी खेचणारा पंप डोंगरावर नेला की रडायला लागतो. मी स्वतः पाहिलंय."

"मग डोंगरावरची माणसं काय तहानलेली असतात?" हे सुनेनं विचारलं. थोरल्याची बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरात फार बोलत नसे. बोलली की मात्र समोरच्याला थोडा वेळ काही सुचत नसे.

"उंचीचं बाबा चुकून बरोबर बोलताहेत," धाकटी म्हणाली. "हा आजार खरंच असेल, तर उंचावर राहायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवं."

तोवर तो दाब, व्हॉल्व, आकडा असा काहीतरी खेळ होता. आता तो आजार झाला आणि ज्या माणसाला तो झाला असण्याची शक्यता होती, ते माणूस खाली घरघर ऐकत बसलं होतं.

अण्णा खिडकीशी गेले. त्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही एकाच वेळी होत्या म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटत होती. पहिली, ताईला काही झालं तर? दुसरी, ताई आता जाणार नाही. कारखान्याच्या पाटीवर नाव अण्णांचं होतं, पण पंप न्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "ताईंनी बघितलाय ना?" आणि अण्णांनी "मी बघितलाय" म्हटलं, तर ते गिऱ्हाईक ताई येईपर्यंत बाकावर बसून राहायचं.

"तिला सांगायचं कोणी?" थोरल्यानं विचारलं.

"तू सांग," अण्णा म्हणाले. "तुझ्यावर तिचा जीव आहे."

"म्हणूनच मी नाही सांगणार. तिची सूटकेस मी कालच माळ्यावर टाकलीय, तेवढं माझ्याकडून झालं."

"सूटकेस?" सून नवऱ्याकडे बघतच राहिली. "त्यांना जायचं असेल तर त्या पिशव्या घेऊन जातील."

"म्हणून पिशव्यासुद्धा टाकल्यात."

गॅसपाशी उभ्या असलेल्या भावजयीनं कढईवर झाकण जरा जोरातच ठेवलं. भावजय म्हणजे अण्णांची बायको. कालपासून तिनं सगळ्या जेवणातलं मीठ निम्म्यावर आणलं होतं. रक्तदाबाला मीठ वाईट, हे तिला माहीत होतं, आणि हा कुठला का दाब असेना, दाब तो दाबच. घरातले सगळे ते बेचव अन्न मुकाट्यानं गिळत होते. तक्रार केली असती तर आत्याला कारण सांगावं लागलं असतं.

या घरात ती लग्न होऊन आली तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या फळ्या आत्याच्या हुकमानं चालत होत्या. डबे उंचीनं लावायचे, हा आत्याचा कायदा. रोज लागणारी साखर बुटक्या डब्यात म्हणून कोपऱ्यात, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू उंच डब्यात म्हणून हाताशी. आत्या जाणार हे ठरलं, त्या दिवशी भावजयीनं मनातल्या मनात सगळे डबे हलवले होते. साखर चहापत्तीच्या शेजारी. मनातल्या त्या फळ्यांकडे बघून तिला इतकं बरं वाटलं होतं की कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आणि आता ती या रिपोर्टवर खूश व्हायला हवी होती की नको, हेच तिला कळेना.

"सांगायची गरज पडणार नाही," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी काल तिच्या मैत्रिणीला फोन केला."

धाकटीनं रिपोर्ट खाली ठेवला. "काय सांगितलंत?"

"सांगितलं, रिपोर्ट बरा नाही. ताईला उंचावर जमायचं नाही. तूच तिला नको म्हण."

"बाबा, अजून डॉक्टरसुद्धा भेटले नाहीत. उद्या भेटणार आहेत. मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. 'बरं' म्हणाली."

"बरं म्हणाली?" हा प्रश्न दारातून आला.

दारात आत्या उभी होती. खाली पंप चालूच होता. चालू पंप सोडून जागचं हलायचं नाही, हा या कारखान्याचा पहिला धडा. तो मोडताना आत्याला आजवर कुणीही पाहिलं नव्हतं. जिन्याच्या दाराशी राखणीला बसलेला थोरला तिच्याकडे असा बघत होता, की जणू पंपच वर चालत आलाय.

"वर ढग आलेत, नाही?" अण्णा म्हणाले.

"गप रे," आत्या म्हणाली. ती आत आली, खुर्ची ओढून बसली. रिपोर्टकडे तिनं बघितलंही नाही. "मी वाचलाय तो. पाकीट आणलं कुणी? मीच ना? दोन दिवस हा तमाशा बघतेय. जिन्यात मधेच मला टेकायला खुर्ची ठेवलीय, ही धाकटी घड्याळ बघण्याच्या मिषानं माझे श्वास मोजतेय, आमटीला चव नाही. आजारी मी आहे की तुम्ही?"

भावजयीनं कढईवरचं झाकण उगाच सरळ केलं.

"तर ऐका. मी जात नाही."

अण्णा दोन दिवस याच वाक्याची वाट बघत होते. ते आलं तेव्हा त्यांना कसंसंच झालं.

"ताई, म्हणजे, घाई नको करूस..."

"तूच फोन केलास ना? मग आता कसली घाई? ती 'बरं' म्हणाली. मीही 'बरं' म्हणते. संपलं."

आत्यानं हे अगदी शांतपणे सांगितलं, पण तिचं तिला ठाऊक होतं. शनिवारी पाकीट फोडून तिनं वाचलं, तेव्हा आधी मरणाची भीती वाटली. खोटं कशाला बोला. पण त्या भीतीच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं आणि ते चक्क हायसं वाटणं होतं. आता जायला नको. या घरात सकाळपासून तिला कुणी ना कुणी काहीतरी विचारत असे: हा पंप का गरम होतो, तो डबा कुठे आहे, गिऱ्हाइकाला काय सांगू. डोंगरावर तिला कुणी काही विचारणार नव्हतं. रोपांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिथं आपण कोण असणार, या प्रश्नानं ती महिनाभर मनातून घाबरली होती, आणि त्यातून सुटायला हृदयाचं कारण अगदी भरभक्कम होतं. हृदयावर कोण बोट ठेवणार?

भावजयीनं ठेवलं.

"वन्सं," ती गॅस बंद करत म्हणाली, "हा आकडा किती वेळा काढला?"

"कसला आकडा?"

"दाबाचा. मशीनवर किती वेळा बघितलं?"

"एकदा. एकदाच बघतात."

"आणि तुम्ही आयुष्यात कधी पहिल्या फेरीचा आकडा धरलात?"

थोरल्यानं चटकन मान वर केली. हा आप्पांच्या काळापासूनचा नियम. पंप जोडून पहिल्यांदा चालवला की पाइपात हवा अडकलेली असते, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वेडावाकडा नाचतो. तो आकडा धरायचा नाही. हवा काढून टाकायची आणि पुन्हा चालवायचा. कामाला लागला तेव्हा थोरल्यानं एकदा पहिलाच आकडा धरला होता, तर आत्यानं त्याला सगळ्या कामगारांसमोर तो पंप खोलून पुन्हा जोडायला लावला होता.

"तो पंपाचा नियम आहे," आत्या म्हणाली.

"मघापासून हे तेच सांगताहेत, की तुम्ही पंप आहात," भावजयीनं नवऱ्याकडे बोट केलं. "लाइन तुंबली, व्हॉल्व अडकला, ओढ कमी झाली. ठीक आहे. पंप तर पंप. मग पंपासारखंच वागवा ना त्यांना. पहिल्याच फेरीत भंगारात कशाला काढता?"

"अगं, पण..." अण्णा म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही फोन केलात."

"आईचं बरोबर आहे," सून म्हणाली. सासू-सुनेचं या घरात उघडपणे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असावी. दोघींनाही ते जरा अवघड गेलं. "एका आकड्यावरून मी मुलांना नापास करत नाही."

आत्या भावजयीकडे रोखून बघत होती. "तुला मी जायला हवीय."

"हवीय," भावजय म्हणाली. "मला साखर चहापत्तीच्या शेजारी ठेवायचीय. इतकी वर्षं ठेवायचीय. पण वन्सं, डॉक्टर नको म्हणाले म्हणून राहिलात, तर मी तुमची सेवा करीन आणि साखर मरेपर्यंत कोपऱ्यात ठेवीन. भिऊन राहिलात तर मात्र मला रोज तुमच्याकडे बघावं लागेल. ते मला नाही जमायचं."

आत्याचा चेहरा लाल झाला. तिनं नाकानं हवा ओढली. "कसला वास येतोय?"

खालची घरघर बदलली होती. आता ती कोरडी, चिरकी येत होती. टाकीतली नळी सुटली असणार आणि पंप नुसताच फिरत होता. अण्णांनी दोन्ही हात पसरून जिना अडवला. "ताई, तू नको, तुझा दाब..." पण ताई त्यांच्या बगलेखालून केव्हाच निसटली होती. जिन्यातली खुर्ची तिनं बाजूला ढकलली, ती थोरल्याच्या नडगीला लागली आणि तो कळवळत तिथंच खाली बसला. त्याला ओलांडताना अण्णांची चप्पल गेली. ते खाली पोचले तेव्हा आत्या पाण्यात उभी राहून बटण बंद करून पंपाला हात लावून बघत होती.

"वाचला," ती म्हणाली. "थोडक्यात वाचला."

धाकटी मागून आली. तिनं सवयीनं घड्याळ बघितलं, श्वास मोजले आणि सांगितलं, "धाप बाबांना लागलीय."

"त्यावरून काही ठरत नाही," आत्या म्हणाली. पुसायला फडकं घेऊन ती खाली वाकली आणि मान वर न करता पुढं म्हणाली, "उद्या पुन्हा करून बघू. कुणीतरी माझी सूटकेस माळ्यावरून काढा. जायचं म्हणून नव्हे. त्यात माझा स्वेटर आहे."

दुसऱ्या दिवशी भेटलेल्या हृदयाच्या डॉक्टर वयानं लहान होत्या आणि त्यांच्या खोलीत खुर्च्या दोनच. आत्या एकीवर बसली, दुसरी धाकटीनं धरली. अण्णा, भावजय आणि लंगडत आलेला थोरला भिंतीला टेकून उभे राहिले. सुनेची शाळा होती, म्हणून ती तेवढी वाचली.

"हा आकडा मोजलेला नाही," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाच्या झडपेतून थोडं रक्त मागं येतं, त्याच्या वेगावरून बांधलेला हा अंदाज आहे. आणि इथं त्या वेगाची रेघ पुसट आलीय. त्यामुळे शक्यता लिहिलीय, निदान नाही."

"म्हणजे गेज लावलंच नव्हतं?" अण्णा भिंतीपासून सुटून पुढं आले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "गेज लावायचं तर बारीक नळी हृदयापर्यंत न्यावी लागते. गरज पडली तरच तसं करतात. तुम्ही काय करता?"

"पंप."

"अच्छा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांना बरंच काही उलगडल्यासारखं दिसलं. "तपासणीच्या दिवशी काही दगदग झाली होती का?"

"लिफ्ट बंद होती," आत्या म्हणाली. "जिना चढले. वर गेल्यावर रांगेवरून एका बाईशी भांडले. जिंकले."

डॉक्टरांनी तिला बाहेर शांत बसवून ठेवलं, मग स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली. पडद्यामागून गार जेलीबद्दल आत्याची कुरकुर ऐकू येत होती. पडद्याबाहेर कुणी हवापाण्याबद्दलसुद्धा बोलत नव्हतं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदाच पंपाशी तुलना मनातसुद्धा केली नाही. माझी बहीण आहे, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. जाऊ दे तिला हवं तिथं, पण असू दे.

"रेघ आता स्वच्छ आलीय," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "दाब नेहमीच्या मर्यादेत दिसतो. हृदयाची उजवी बाजूही चांगली आहे. साधा रक्तदाब मात्र जास्त आहे, त्याची गोळी देते. ती चुकवायची नाही. काही महिन्यांनी परत दाखवा. धाप लागली, पाय सुजले, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. डोंगरावर जायला हरकत नाही, पण सुरुवातीला हळूहळू चढायचं, आणि भांडायचं नाही."

"आणि मीठ?" भावजयीनं विचारलं.

"कमीच ठेवा."

थोरल्यानं भिंतीवर डोकं टेकलं.

संध्याकाळी अण्णांना सगळ्यांसमोर डोंगरावर फोन करायला लावलं. त्यांनी रिपोर्ट सांगितला, चूक कबूल केली, माफी मागितली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" आत्यानं विचारलं.

"बरं म्हणाली." अण्णा घुटमळले. "पण जरा वेळानं म्हणाली. आधी नाक ओढल्याचा आवाज आला."

निघायच्या सकाळी आत्याला अचानक खूप कामं आठवली. खिडकीची कडी सैल होती. एक पंप पुन्हा बघायला हवा होता. तो थोरल्यानं बघितला. तिच्यासमोर पहिल्या फेरीनंतर हवा काढली, दुसऱ्यांदा चालवला आणि मगच पास केला. तिला त्यात काही खोट काढता आली नाही. सूटकेस गाडीत गेली, पिशव्या गेल्या, आणि आत्या फाटकाशी उभी राहिली ती हलेचना.

अण्णांना तिची भीती चेहऱ्यावरून कळली. शाळेच्या पहिल्या दिवशी ते असेच फाटकाशी अडले होते, तेव्हा या ताईनंच त्यांचं बोट धरलं होतं.

"ताई, एक सांगू?"

"दाबाबद्दल काही नको."

"नाही. ही पहिली फेरी आहे. धरायची नाही." अण्णांनी गाडीचं दार उघडून धरलं. "राहून बघ. नाही करमलं तर परत ये. कुणी काही विचारणार नाही. आप्पांचा नियमच आहे तो."

आत्यानं भावाकडे बघितलं. डोळे पुसायला पदर वर नेला आणि घाम पुसल्यासारखं केलं. "आणि करमलं तर?"

उत्तर भावजयीनं दिलं. "तर दुसऱ्या फेरीला आम्ही सगळे येऊन बघणार, वन्सं. नुसत्या तुमच्या शब्दावर पास नाही करणार."

आत्या हसली आणि गाडीत बसली.

दुपारी थोरला खाली पंप तपासत होता. वर भावजयीनं साखरेचा डबा चहापत्तीच्या शेजारी ठेवला, चहा केला आणि सगळे टेबलाभोवती बसले. आता बोलायला कुणाची चोरी नव्हती. कुणालाच काही सुचेना. खालची घरघर थांबली, तरी कुणी विषय बदलला नाही. बदलायला विषयच नव्हता.

शेवटी अण्णांनी कप खाली ठेवला. "वर आज ढग असतील का गं?" त्यांनी विचारलं, आणि सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागले.